निळ्या बजीचं कुळ

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवर हजारोंच्या थव्यांनी फिरणारा बजरीगर ऊर्फ बजी हा पोपट हिरवा असतो. डोकं पिवळं, पाठीवर काळ्या बारीक लाटा, गालावर जांभळा ठिपका आणि छाती-पोट लख्ख हिरवं. आपल्याकडच्या दुकानात मात्र हिरवा बजी मागच्या पिंजऱ्यात असतो. पुढे निळे, पांढरे, पिवळेधमक, राखी, कबरे. दुकानदार त्या सगळ्यांना लव्हबर्ड म्हणतो, आपणही म्हणतो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि निराळे, एवढं एकदा सांगून मी पुढे जाते.

सातारला कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवलं. बारावीला आनुवंशिकता आली की मेंडेलचे वाटाणे फळ्यावर येतात आणि मुलांच्या डोळ्यांत झोप येते. तेव्हा आमच्या गॅलरीतले बजी कामाला यायचे. हिरवा नर, निळी मादी. पिल्लं सगळी हिरवी. त्या पिल्लांची आपसात जोडी लागली की सरासरी चारांत एक निळं. यावर मुलं पैजा लावायची. आणि एखादी मुलगी हमखास विचारायची, "पण मॅडम, निळं हवं असेल तर भावाबहिणीचीच जोडी लावायची का?" वर्ग हसायचा. मला हसू यायचं नाही, कारण गेल्या दीडशे वर्षांत या पक्ष्याचं जे झालं ते सगळं त्या प्रश्नात आहे.

बजीला शास्त्रीय नाव मिळालं १८०५ मध्ये, जॉर्ज शॉ याच्याकडून. जिवंत बजी इंग्लंडला नेले ते जॉन गूल्डने, १८४० मध्ये. गूल्ड हा त्या काळचा पक्ष्यांवरच्या भारी सचित्र ग्रंथांचा मोठा कारखानदारच. त्याचा मेव्हणा चार्ल्स कॉक्सन ऑस्ट्रेलियात राहायचा. त्याने वाढवलेले पक्षी गूल्डने बोटीवर घेतले. पुढच्या काही दशकांत हे पोपट बोटी भरभरून युरोपात आले आणि बेल्जियम, जर्मनी, फ्रान्समध्ये घरोघर पोहोचले.

ते तिथे रुळले याचं कारण त्यांच्या मूळच्या मुलखात आहे. मध्य ऑस्ट्रेलियात पाऊस कधी पडेल याचा भरवसा नाही. पडला की गवताला बी धरतं आणि तेवढ्या अवधीत पिल्लं काढून मोकळं व्हावं लागतं. त्यामुळे बजी विणीला सदा तयार. घरटं बांधायचं नाही, काड्या गोळा करायच्या नाहीत. झाडाची ढोली मिळाली की पुरे. युरोपात ढोलीच्या जागी लाकडी खोकं आलं, आपल्याकडे मडकं. कुंभाराकडून आणलेलं, कडेला भोक पाडलेलं छोटं मडकं पिंजऱ्याच्या जाळीला तारेने आडवं बांधायचं. मादी आत शिरते, दोन-चार दिवस तळ चोचीने खरवडते आणि दिवसाआड एक अंडं घालत जाते. चार-सहा अंडी, अठरा दिवसांची उबवण, महिन्या-सव्वा महिन्यात पिल्लू बाहेर. राळे, पाणी आणि चोच घासायला समुद्रफेस एवढ्यावर हे चालतं. चालतं म्हणजे पिल्लं निघतात. नुसत्या राळ्यावर ठेवलेल्या बजीला आयोडीन कमी पडून गलगंड होतो, अ जीवनसत्त्व कमी पडतं, आणि बसून खाऊन तो लठ्ठ होतो, ही दुसरी बाजू कुणी सांगत नाही.

वर्षभरात पिढी पुढे सरकते आणि हजारो पिल्लं माणसाच्या डोळ्यांसमोर जन्मतात, तेव्हा दुर्मीळ गोष्टीही दिसू लागतात. माळावरच्या थव्यातही अधूनमधून पिवळं पिल्लू निघतच असणार. पण हिरव्या थव्यात पिवळा पक्षी ससाण्याला आधी दिसतो, आणि गोष्ट तिथेच संपते. पिंजऱ्यात ससाणा नाही. तिथे पिवळा पक्षी मालकाला आधी दिसतो.

आता हे रंग येतात कसे ते बघू. वर्गात मी एक प्रयोग करायचे, तो कुणालाही घरी करता येईल. निळ्या बजीचं गळलेलं छातीचं पीस काळ्या कागदावर ठेवा: स्वच्छ निळं. तेच पीस चिमटीत धरून खिडकीकडे करा आणि उजेड आरपार येऊ द्या. निळा रंग नाहीसा होतो, उरतं मळकट राखी-तपकिरी काहीतरी. कारण या पिसात निळा रंग नाहीच. पिसाच्या बारीक तंतूत सच्छिद्र थर असतो. त्याच्या सूक्ष्म पोकळ्या प्रकाशातला निळा भाग तेवढा परतवतात, आणि मागे मेलॅनिनचा काळा पडदा असतो म्हणून तो निळा उठून दिसतो. हिरव्या बजीत यावर आणखी पिवळं रंगद्रव्य असतं. पिवळ्यातून दिसणारा निळा म्हणजे हिरवा.

म्हणजे बजीच्या हिरव्यापासून निळा मिळवायचा तर त्यात काही घालावं लागत नाही, पिवळं काढावं लागतं. मेलॅनिन काढलं की पिवळा पक्षी, लाल डोळ्यांचा. दोन्ही काढलं की पांढरा. दुकानात 'फॅन्सी' म्हणून ज्याचे जादा पैसे पडतात, ते बहुतेक रंग अशा वजाबाकीचे आहेत.

वजाबाकी सुरू झाली १८७० नंतर. आधी फिकट पिवळे निघाले. १८७९ च्या सुमारास बेल्जियममध्ये लाल डोळ्यांचे गडद पिवळे, ज्यांना आज ल्युटिनो म्हणतात ते जन्मले, आणि थोड्याच काळात नाहीसे झाले. ते का नाहीसे झाले असावेत हे आज कागदावर मांडून दाखवता येतं. पक्ष्यांत माणसाच्या उलट असतं: नराला दोन झेड गुणसूत्रं, मादीला एकच. ल्युटिनोचा दोष झेडवर बसतो. मादीला तो एकदा मिळाला तरी ती पिवळी होते. नराला दोन्हीकडून मिळावा लागतो. त्यामुळे अचानक निघालेलं ल्युटिनो पिल्लू जवळजवळ नेहमी मादी असतं. आता मालक काय करणार? तिला चांगला तगडा हिरवा नर देणार. पिल्लं सगळी हिरवी. मालक कपाळाला हात लावून पिल्लं विकून टाकणार. त्याच पिल्लांतला कुठलाही नर दुसऱ्या घरच्या कुठल्याही हिरव्या मादीला दिला असता, तर त्याच्या निम्म्या लेकी पिवळ्या निघाल्या असत्या. नात्यात जोडी लावायची गरजच नव्हती. पण मेंडेलचा निबंध १८६६ मध्ये छापून धूळ खात पडला होता, आणि गुणसूत्रावर बसलेल्या दोषाची गोष्ट तर त्याच्याही पलीकडची. ल्युटिनो पुन्हा नीट हाती लागायला १९३० चं दशक उजाडावं लागलं.

निळ्याचं तसं नाही. निळ्यासाठी आई आणि बाप दोघांनीही तो वारसा द्यावा लागतो. १८८० च्या आगेमागे ब्रसेल्सजवळच्या उक्ल गावी लिम्बॉश नावाच्या गृहस्थाकडे निळे बजी निघाले. असा एखादाच निळा पक्षी हाती असेल आणि तो परक्या हिरव्या पक्ष्याला दिला, तर रंग बुडाला. तो टिकवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पिल्लं एकमेकांना किंवा पुन्हा आईबापांना देणं. निळा बजी टिकला, तो बहुधा अशाच बंद पिंजऱ्यांत. पुढे १९१० च्या सुमारास तो लंडनच्या प्रदर्शनात मांडला गेला आणि लोक वेडे झाले. त्याच १९१० मध्ये न्यूयॉर्कला मॉर्गनने पांढऱ्या डोळ्याची फळमाशी बघून लिंगनिगडित आनुवंशिकता उलगडली. दोन्ही बातम्या एकाच माणसाने वाचल्या असत्या तर पक्ष्यांचं बरंच भलं झालं असतं.

बंद पिंजऱ्यात काय होतं? निळेपणाच्या दोषाने पक्षी आजारी पडत नाही, हे मी ठासून सांगते. पण प्रत्येक पक्ष्यात, जसं प्रत्येक माणसात, दोन-चार वाईट वारसे दडलेले असतात. परक्याशी जोडी लागली की ते दडलेलेच राहतात. भावाला बहीण दिली की निळ्याबरोबर तेही जोडीने वर येतात: अंड्यातच मेलेली पिल्लं, लहान चण, रोगाला तोंड न देणारी कुडी. लोक म्हणतात निळा रंग नाजूक. रंग नाजूक नव्हता, कुळ अरुंद होतं. जुन्या युरोपीय पालकांच्या हे हाडीमाशी मुरलेलं होतं. काही पिढ्यांनी निळ्यांत पुन्हा हिरवा पक्षी आणावा, हा त्यांचा सल्ला आजही कुठल्याही चांगल्या पालकाकडे ऐकायला मिळतो.

पण बाजार थांबू देत नाही. १९१५ मध्ये फ्रान्सच्या तुलूजमध्ये गडद छटा देणारा वारसा सापडला. तो निळ्यात आणला की कोबाल्ट निळा, दुहेरी आणला की जांभळट करडा. मग १९२५ ते १९२८ च्या दरम्यान जपानात निळ्या बजीचं खूळ आलं. तिथले श्रीमंत लोक प्रेमाची भेट म्हणून निळी जोडी देऊ लागले. युरोपातल्या पैदासकारांनी मिळेल त्या निळ्याला मिळेल ती निळी जोडून पक्षी रवाना केले. किमती चढल्या तशा एक दिवस कोसळल्या आणि कितीतरी पालक बुडाले. त्या दोन-तीन वर्षांत निळ्यांच्या कुळात किती कचरा साठला असेल, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

रंगांचा हिशेब मांडणारा माणूस मात्र त्याच वेळी ब्रेमेनमध्ये होता आणि तो माझ्याच धंद्यातला होता. हान्स डंकर, शाळामास्तर. कार्ल राइख नावाच्या दुकानदाराच्या कॅनरी पक्ष्यांपासून त्याने सुरुवात केली. राइखच्या कॅनरी नाइटिंगेलसारख्या गायच्या. मग डंकरने लाल कॅनरी काढायचं मनावर घेतलं, दक्षिण अमेरिकेतल्या लाल सिस्किन पक्ष्याशी संकर केला, आणि जन्माला आले तांबूस-नारिंगी पक्षी. पुरा लाल काही केल्या येईना, कारण कॅनरीचा लाल रंग खाण्यातून यावा लागतो, तिला नुसता लाल वारसा देऊन भागत नाही. हे त्याच्या ध्यानात आलं नाही. दुसरीकडे क्रेमर नावाच्या धनिकाच्या पक्षिगृहात त्याने बजींचे रंग घेतले. पोपट आपलं रंगद्रव्य स्वतःच्या शरीरात बनवतात, खाण्यातून घेत नाहीत. म्हणून इथे त्याची गणितं चोख बसली. कुठल्या रंगाला कुठला दिला तर कशी पिल्लं, याचे तक्ते त्याने केले. आज इचलकरंजीत किंवा मालेगावात कुणी मोबाइलवर बजीच्या रंगांचं गणित करतो, तेव्हा त्यामागे या मास्तराची मेहनत असते.

त्याच्याबद्दल मला आदर आहे आणि तो तिथेच थांबतो. डंकर वंशशुद्धीची व्याख्यानंही देऊ लागला आणि नाझी पक्षातही गेला. पिंजऱ्यातल्या पाखरांवर ज्याने वारशाचं गणित शिकून घेतलं, त्याने तेच माणसांना लावलं. वारशाचं गणित वर्गात शिकवताना मी हे सांगितल्याशिवाय राहिले नाही. अभ्यासक्रमात नसलं तरी.

इंग्लंडमध्ये १९२५ साली बजी पालकांचा क्लब निघाला. १९३० मध्ये त्याचंच नाव बजरीगर सोसायटी झालं. तोवर आरोग्याचा एक वेगळाच धक्का बसला होता. १९२९-३० च्या हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या पोपटांपासून अमेरिकेत आणि युरोपात सिटॅकोसिस पसरला: पोपटाच्या विष्ठेच्या धुळीतून माणसाच्या फुप्फुसात जाणारा ताप. माणसं दगावली. देशोदेशी पोपटांच्या आयातीवर बंदी आली. साहजिकच घरच्या घरी निपजणाऱ्या बजीला मागणी वाढली. अमेरिकेत तेव्हा मंदी होती. कॅलिफोर्नियात लोकांनी परसात खुराडी टाकून जोडधंदा म्हणून बजी काढायला घेतले. कार्ल मायर या संशोधकाने ती परसं तपासली तेव्हा रोग तिथेही निघाला. पक्षी वरून धडधाकट दिसतात आणि आत जंतू बाळगतात; गर्दी झाली, प्रवास घडला, उपासमार झाली की ते बाहेर टाकू लागतात. रंगाचा इथे संबंध नव्हता, दाटीचा होता. आपल्याकडच्या दुकानात एकावर एक रचलेले पिंजरे बघितले की मला मायरची परसं आठवतात. पक्षी फुगून बसला असेल, विष्ठा पातळ हिरवी असेल आणि घरात कुणाला न उतरणारा ताप-खोकला असेल, तर डॉक्टरांना घरात पोपट आहे हे आधी सांगा. औषध आहे, साधं आणि गुणकारी. पण पोपटाचं सांगितलं नाही तर कुणी ते देत नाही.

यानंतर रंगांची रांगच लागली. पाठीवरच्या लाटा पुसट झालेला ओपलाइन १९३३ मध्ये ॲडलेडच्या बाजारात रानातून पकडून आणलेल्या पक्ष्यांत सापडला, बाकीचे बहुतेक पिंजऱ्यात निघाले. त्या यादीत मला रस नाही. महत्त्वाचं हे की प्रदर्शनवाल्यांचं लक्ष रंगावरून आकाराकडे गेलं. डोकं मोठं हवं, कपाळ फुगीर हवं, पिसं लांब आणि सैल हवीत. असा प्रदर्शनी बजी रानातल्या पक्ष्याच्या जवळजवळ दुप्पट दिसतो. कपाळाची पिसं डोळ्यांवर येतात. मीलन जमावं म्हणून पालकांना पक्ष्यांच्या शेपटीखालची पिसं कातरावी लागतात. याच कुळांत एक भयंकर प्रकार निघाला: पिसं वाढायची थांबतच नाहीत. पिल्लू पिसांचा गुंता होऊन जातं, त्याला दिसत नाही, उडता येत नाही, आणि सहसा वर्षभरात ते मरतं. हाही बहुधा आईबाप दोघांकडून मिळणारा वारसा, अरुंद कुळातून वर आलेला. पाळीव बजींत मूत्रपिंडाच्या आणि प्रजनन ग्रंथींच्या गाठी इतक्या आढळतात की पक्ष्यांच्या डॉक्टरांना लंगडणारा बजी दाखवला की ते आधी पोट चाचपतात.

कॉकेटील या तुरेवाल्या पोपटाची कथा याहून छोटी आणि स्पष्ट. १९५८ मध्ये फ्लॉरिडात पहिला ल्युटिनो कॉकेटील निघाला: पांढरट अंग, पिवळा तुरा, गालावर नारिंगी टिकली. मागणी एवढी की त्याच घराण्यातली पिल्लं एकमेकांना देत रंग पसरवला गेला. त्याबरोबर तुऱ्यामागचं टक्कलही पसरलं. टक्कल रंगामुळे येत नाही, ते त्या घराण्यात होतं. ज्यांनी टकल्या जोड्या बाजूला ठेवल्या त्यांच्याकडे ते कमी झालं. एवढी साधी गोष्ट, पण टकली पिल्लंही विकली जात असताना ती कोण करणार?

रंगाचा थेट तोटा अजिबात नाही असंही नाही. मेलॅनिन नसलेली पिसं लवकर झिजतात. लाल डोळ्यांना ऊन सोसत नाही, म्हणून ल्युटिनोचा पिंजरा गॅलरीत पश्चिमेला टांगू नये. २०११ मध्ये संशोधकांनी पोपटांच्या पिसांवर पिसं खाणारे जिवाणू सोडून बघितलं; रंगद्रव्य असलेली पिसं पांढऱ्या पिसांपेक्षा जास्त टिकली. आणि २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या एका गटाने निळ्या बजीचं मूळ शोधलं: पिवळं रंगद्रव्य बनवणाऱ्या एका विकरात एकच अमायनो आम्ल बदललेलं. लिम्बॉशच्या पिंजऱ्यापासून साताऱ्याच्या गॅलरीपर्यंतचं सगळं निळेपण एवढ्याशा चुकीचं. ती चूक शरीरात बाकी काही बिघडवत असल्याचं दिसत नाही. मग बिघाड आला तो जोड्या लावणाऱ्यांच्या हातातून.

आपल्याकडे हा छंद आपल्या देशी पोपटापासून सुरू व्हायला हरकत नव्हती. कंठवाल्या पोपटांच्या थव्यातही कधी पिवळं पिल्लू निघतं, आणि पूर्वी ते ढोलीतून काढून राजेरजवाड्यांकडे आणि हौशी धनिकांकडे जायचं. कोलकात्याच्या एझ्रा घराण्यातला आल्फ्रेड एझ्रा इंग्लंडला स्थायिक झाला. त्याच्या पक्षिगृहात हे पिवळे पोपट होते आणि तिथे त्यांनी पिल्लंही काढली. इथे मात्र ढोल्या लुटणंच चालू राहिलं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि नव्वदच्या सुमाराला देशी पक्ष्यांच्या व्यापारावर आलेली बंदी यांनी क्रॉफर्ड मार्केटच्या पिंजऱ्यांतून हिरवे राघू हटवले, निदान उघड्यावरून. २०२२ च्या दुरुस्तीने त्यांना आणखी वरच्या परिशिष्टात नेलं. पिवळा असो वा हिरवा, राघू तो राघू. बजी आणि कॉकेटील परदेशी, म्हणून घरात ठेवायला मोकळे.

इचलकरंजीत एक यंत्रमागवाले गृहस्थ आहेत. मागाच्या शेडला लागून त्यांचं पक्षिगृह. त्यांच्याकडे किराणा दुकानात असते तशी लांब, लाल कापडी बांधणीची वही आहे. तिच्यात प्रत्येक पक्ष्याच्या पायातल्या वाळ्याचा नंबर, आई, बाप, आजी, आजोबा, किती अंडी, किती फुटली, किती पिल्लं उडाली. निळी जोडी मागायला आलेल्याला ते दोन वेगळ्या घरचे पक्षी देतात. एक निळा आणि एक हिरवा, पोटात निळा वारसा असलेला. गिऱ्हाईक हिरव्याला नाक मुरडतं. "एका मडक्यातली जोडी मी कुणाला देत नाय मॅडम," ते मला म्हणाले. "दोन सालांनी अंड्यातच पिल्लं मराय लागली की लोक माझ्या नावानं शिमगा करत्यात." अशा जोडीची निम्मी पिल्लं निळी निघतात, आणि निम्मी हिरवी; ती हिरवी ते जवळजवळ फुकट देतात.

तेव्हा घरात मूल हट्ट धरून बसलं असेल आणि तुम्ही बजी आणायला निघाला असाल, तर दुकानदाराला एकच विचारा: हे दोघं एका मडक्यातले का? तो 'हो' म्हणाला, किंवा 'काय फरक पडतो' म्हणाला, तर निळा तिथून घ्या आणि जोडीदार दुसरीकडून, आणि शक्यतो हिरवा. तो सगळ्यात स्वस्तही असतो.